आधी नियम छापा, मग तिकीट

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
फिलाटेलिक सल्लागार समिती, डाक विभाग,
डाक भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली.



कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी उभा करणारे टपाल तिकीट आपण काढावे, ही या पत्रातली मागणी आहे. टपालाचे पाच रुपये आणि त्यावर स्वखुशीने दिलेले दोन रुपये, असे ते तिकीट. मागणी एवढीच. पत्र लांबले आहे ते त्या दोन रुपयांमुळे. ते खिडकीवरून कुठे जातील, कोणत्या खात्यात पडतील, त्यातून छपाईचा खर्च कापला जाईल का, संशोधकाच्या हाती किती लागतील आणि लागले हे तिकीट घेणाऱ्याला कोण सांगेल, हे सगळे ठरवून, लिहून, जाहीर करून मगच तिकीट छापावे, असे माझे म्हणणे आहे. हजार रुपयांची देणगी देणाऱ्याला पावती मिळते, तो ती घेऊन संस्थेच्या दारात जाऊन जाब विचारू शकतो. दोन रुपये देणाऱ्याला कोणी पावती देत नाही. त्याच्या बाजूने उभे राहायला फक्त नियम असतात.

मी दिल्लीत राहणारी मराठी बाई. तिकिटे जमवण्याचा नाद शाळेपासूनचा. गोल डाकखान्यातली फिलाटेलीची खिडकी आणि डाक भवनातले तिकीट संग्रहालय या माझ्या नेहमीच्या जागा. अलीकडे मात्र जास्त जाणे झाले ते अन्सारी नगरच्या एम्समध्ये आणि तिथून झज्जरजवळच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, घरातल्याच एका बाईंच्या सोबतीला. उपचाराचा खर्च कोण करतो, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. कोणी जमीन गहाण टाकलेली असते, कोणाचे आयुष्मान कार्ड असते, कोणाचा भाऊ उसनवारी करत असतो. पण हा उपचार मुळात शोधला कोणी, आणि त्या शोधाचा खर्च कोणी केला? हा प्रश्न मला त्या बाकांवर पडला आणि मग पाठ सोडीना.

माझ्या संग्रहात वैद्यकशास्त्रावरची भारतीय तिकिटे पुष्कळ आहेत. मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिनांचे १९६४ चे. रॉबर्ट कॉख यांना क्षयाचा जंतू सापडल्याला शंभर वर्षे झाली म्हणून २४ मार्च १९८२ ला निघालेले. टाटा मेमोरियलच्या पन्नाशीचे १९९१ चे. ही तिकिटे सुंदर आहेत आणि आपल्या समितीने त्या त्या वेळी ती काढली याचे मला कौतुक आहे. पण ही सगळी गौरवाची तिकिटे. ज्या कामाचा गौरव केला, त्या कामाला त्यातून पैसा मिळाला नाही, कारण तसा मार्गच ठेवलेला नव्हता.

पैसा कशाला हवा, हे महाराष्ट्रातल्या दोन अभ्यासांवरून सांगते. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन एक अभ्यास सुरू केला. बेताचे शिक्षण झालेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना त्यासाठी तयार केले. निम्म्या वस्त्यांमध्ये या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हाताने तपासत, आणि गर्भाशयाच्या मुखावर पातळ केलेले अॅसिटिक आम्ल, म्हणजे घरातल्या व्हिनेगरमधलेच द्रव्य, लावून तिथली त्वचा पांढरी पडते का ते पाहत. मॅमोग्राफीचे यंत्र नाही, पॅप तपासणीची प्रयोगशाळा नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्या वस्त्यांत सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ मध्ये जगासमोर आले. स्तनांच्या तपासणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. त्याहून तरुण बायकांमध्ये तसा फायदा दिसला नाही, आणि हेही त्या संशोधकांनी सरळ लिहिले.

दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने खेड्यांतल्या एक लाख तीस हजारांहून अधिक बायकांवर तो केला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात, हे २००९ मध्ये त्यातून कळले. आज जगभर या तपासणीचा आग्रह धरला जातो, त्याच्या मुळाशी मराठवाड्यातल्या या बायकांनी दिलेला वेळ आहे.

आता या अभ्यासांच्या खर्चाकडे पाहा. मुंबईच्या अभ्यासाला पैसा दिला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने, उस्मानाबादच्या अभ्यासाला गेट्स फाउंडेशनने. देणाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही हे मला लागते. बायका आपल्या, कार्यकर्त्या आपल्या, डॉक्टर आपले, आजार आपला, आणि प्रश्न विचारण्याचा खर्च मात्र सातासमुद्रापलीकडचा कोणी करणार. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि त्या एका वर्षात ९८ हजारांच्या आसपास मृत्यू झाले. या बायकांसाठी स्वस्तातली, खेड्यात चालणारी तपासणी शोधायची निकड परदेशी देणाऱ्यांना जितकी वाटेल त्याहून आपल्याला जास्त वाटली पाहिजे, आणि ती दाखवायला साध्या माणसाच्या हातात काहीतरी साधन हवे. तिकीट हे तसे साधन आहे.

ही कल्पना नवी नाही, आणि तिच्या इतिहासात नियमांविषयी शिकण्यासारखे फार आहे. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली तेव्हा न्यू साउथ वेल्सने क्षयरुग्णांच्या निवासासाठी दोन तिकिटे काढली. एक पेनीचे तिकीट एक शिलिंगला, म्हणजे मूळ किमतीच्या बारा पटींना. ती पत्रावर लावणारा माणूस विरळाच. घेतली ती संग्राहकांनी आणि श्रीमंतांनी. १९०४ मध्ये डेन्मार्कमधला टपाल कर्मचारी एनर होलबोल याने वेगळी वाट काढली. टपालाच्या तिकिटाला हातच लावायचा नाही, नाताळच्या पाकिटावर वेगळे चिकटवायचे एक स्वस्त सील विकायचे. ते घराघरांत गेले. १९३८ मध्ये रेडियमच्या शोधाला चाळीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने फ्रान्सने पिएर आणि मारी क्युरी यांचे तिकीट काढले, त्यावरचा अधिभार कर्करोगाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसाठी होता. तेच चित्र फ्रान्सच्या वसाहतींमध्येही निघाले, त्यांत आपले पाँडिचेरी होते. म्हणजे भारताच्या भूमीवर कर्करोगासाठी अधिभाराचे तिकीट स्वातंत्र्याच्या नऊ वर्षे आधीच विकले गेले आहे. परकी अमलात का होईना, ते झाले.

स्वतंत्र भारताचे आपले दोन अनुभव आहेत. एक क्षयरोगाच्या सीलचा. १९३९ मध्ये स्थापन झालेली भारतीय क्षयरोग संघटना दिल्लीत रेड क्रॉस रोडवर आहे. पन्नासच्या दशकापासून गांधीजयंतीला तिची सील-मोहीम सुरू होते. माझ्या पिढीला शाळेत बाईंनी वाटलेली ती रंगीत सीले नक्की आठवत असतील. ते टपालाचे तिकीट नव्हे, त्याने पत्र जात नाही. गैरसमज मात्र कायम राहिला. सील पाकिटावर लावले म्हणजे टपालखर्च भागला असे समजणारी माणसे मी पाहिली आहेत. आणि शाळेतली सीले स्वखुशीने घेतली जात की वर्गाला ठरवून दिली जात, हे त्या वयात कोणी विचारले नाही.

दुसरा अनुभव १९७१ चा. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते. १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर पाच पैशांचे निर्वासित मदत तिकीट लावणे सक्तीचे झाले. वेगळे तिकीट छापून होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटांवर शिक्के मारून ती विकली गेली. ती सक्ती ३१ मार्च १९७३ ला उठली. त्या पाच पैशांविषयी माझी तक्रार नाही. प्रसंगच तसा होता, आणि मुख्य म्हणजे त्याला शेवट होता. सगळ्याच अधिभारांना तो नसतो. मुंबईत बेस्टच्या तिकिटात वर्षानुवर्षे पोषण अधिभार घेतला गेला. ते सुटे पैसे कोणाच्या ताटात पोचतात, हे रोज प्रवास करणाऱ्या किती जणांना माहीत होते?

सगळ्यात उपयोगी उदाहरण अमेरिकेचे आहे, कारण तिथे नियमांचे काय झाले ते तपशीलवार पाहता येते. कॅलिफोर्नियातले शल्यचिकित्सक डॉ. अर्नी बोडाई यांनी स्तनांच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी तिकीट काढावे म्हणून खासदारांच्या दारात खेटे घातले. १९९७ मध्ये कायदा झाला आणि २९ जुलै १९९८ ला तिकीट विक्रीला आले. त्यावर धनुर्धारी देवीचे रेखाचित्र आहे. तिचा उजवा हात उंचावलेला आहे, स्वतःचे स्तन तपासताना बाई जसा उचलते तसा. चित्रच सांगते की हात वर घे आणि तपासून पाहा. पैसे कसे वाटायचे तेही कायद्यातच लिहिलेले होते: ७० टक्के राष्ट्रीय आरोग्य संस्थांना, ३० टक्के संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधनाला. आजवर १०० कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली आणि ८ कोटी डॉलरांहून अधिक निधी जमला. संशोधनाच्या सरकारी खर्चापुढे ही रक्कम लहान आहे. म्हणूनच ती चांगल्या जागी लावली गेली. एरवी ज्या नव्या, धाडसी कल्पनांना कोणी पैसा देत नाही, अशांसाठी तिचा बराच भाग खर्च झाला.

पण त्या व्यवस्थेतल्या तीन त्रुटी आपण टाळल्या पाहिजेत. तिकिटाची किंमत ४० सेंट ठरली आणि साधे पत्र ३२ सेंटला जात होते, म्हणजे देणगी ८ सेंट. १९९९ मध्ये टपालदर ३३ झाला, तिकीट ४० वरच राहिले, देणगी ७. २००१ मध्ये दर ३४, देणगी ६. घेणारा तेवढेच पैसे देत होता आणि संशोधनाचा वाटा कमी होत होता. २००२ मध्ये तिकिटाची किंमत वाढवावी लागली. दुसरी त्रुटी अशी की त्या तिकिटावर किंमत छापलेलीच नाही, त्यामुळे देणगी किती हे हातातल्या तिकिटावरून कळत नाही. तिसरी आपल्या समितीने सगळ्यात गंभीरपणे घ्यावी. टपाल सेवेने आपला वाजवी खर्च कापून घ्यावा असे कायद्यात होते, पण वाजवी म्हणजे काय, हे पुरेसे ठरलेले नव्हते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी २००० साली अहवालातच लिहिले की निधी कोट्यवधींचा जमला, पण खर्चवसुलीचे निकष अधिक नीट हवेत. तिकीट बाजारात येऊन दीड-दोन वर्षे झाल्यावर हे लिहावे लागले.

आता माझ्या विनंत्या.

तिकिटावर पाच अधिक दोन असे दोन आकडे वेगळे आणि ठळक छापावेत. युरोपात आणि न्यूझीलंडच्या आरोग्य तिकिटांवर हेच केले गेले. टपालदर उद्या वाढला तर पहिला आकडा बदलावा, दुसऱ्याला हात लावू नये.

त्या दोन रुपयांतून एक पैसाही छपाई, जाहिरात, प्रकाशन समारंभ वा वाहतुकीसाठी कापू नये. टपाल खात्याचा खर्च पहिल्या पाच रुपयांतून निघावा, जसा कोणत्याही स्मारक तिकिटाचा निघतो. हे परवडणार नाही असे वाटत असेल तर तसे आधी सांगावे आणि कापायची रक्कम टक्क्यात नव्हे, पैशांत लिहावी.

माझ्या मते यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग पैसा कुठे ठेवायचा हा आहे. सरकारला मिळालेला महसूल संविधानाच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे भारताच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून तो संसदेच्या मंजुरीशिवाय निघत नाही. महसुलासाठी ती व्यवस्था योग्यच आहे. पण एकदा का दोन रुपये त्या मोठ्या निधीत मिसळले, की ते पुन्हा ओळखू येणार नाहीत. हे पैसे सरकारच्या उत्पन्नाचे नाहीत, लोकांनी ठेवायला दिलेले आहेत. म्हणून ते त्याच अनुच्छेदात सांगितलेल्या लोकलेख्यात, स्वतंत्र शीर्षाखाली जमा व्हावेत. मी उगाच शंका काढत नाही. १९८६ च्या कायद्याने आपल्याकडे संशोधन आणि विकास उपकर होता, परदेशी तंत्रज्ञान आयात करणाऱ्यांकडून तो घेतला जाई आणि २०१७ मध्ये तो रद्द झाला. त्याची जमा झालेली रक्कम आणि ज्या कामासाठी तो होता त्या तंत्रज्ञान विकास निधीपर्यंत पोचलेली रक्कम यांत केवढी तफावत आहे, हे कॅगने आपल्या अहवालांत नोंदवले आहे. तिथे पैसे भरणाऱ्या कंपन्या होत्या. इथे ते भरणारी कोणाची तरी आजी असेल, झज्जरच्या बाकावर बसलेला कोणाचा नवरा असेल.

जितका निधी जमेल तितकी आरोग्य संशोधनाची नेहमीची तरतूद कमी होता कामा नये, हेही नियमात यावे. नाहीतर आमच्या दोन रुपयांनी संशोधन वाढणार नाही, सरकारचा तेवढा भार हलका होईल इतकेच.

निधी कोणाला द्यायचा हे टपाल खात्याने ठरवू नये, आणि रुग्णालयांच्या इमारतींवर तो जाऊ नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, खुले प्रस्ताव मागवावेत. परिषदेचे मुख्यालय अन्सारी नगरातच आहे आणि तिचीच राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था नोएडात आहे. दिल्लीच्या परिसरातच काम सुरू होऊ शकते. तरीही माझे मत असे की बार्शीसारख्या ठिकाणच्या प्रस्तावांसाठी वाटा राखून ठेवावा. तिथे १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदवही चालते, आणि गावातल्या माणसाला कोणता कर्करोग कोणत्या वयात होतो हे अशा नोंदवह्यांशिवाय कळत नाही. तंबाखू आणि मिश्रीने होणारा तोंडाचा कर्करोग, खेड्यातली तपासणी, उपचार अर्धवट सोडून जाणारे रुग्ण, या विषयांना मोठ्या औषध कंपन्या पैसा देणार नाहीत. छोटा निधी अशा कामांना शोभतो.

दर वर्षी एक पान प्रसिद्ध व्हावे. किती तिकिटे विकली, किती रुपये जमले, कोणत्या संस्थेला कोणत्या अभ्यासासाठी किती दिले, किती शिल्लक आहे. ते पान प्रत्येक मुख्य टपाल कार्यालयाच्या फलकावर, तिथल्या राज्याच्या भाषेत लागावे. अभ्यास फसला तर तसेही लिहावे. संशोधनातले काही अभ्यास फसणारच, आणि हे समजून घेण्याइतके लोक शहाणे आहेत.

सक्ती नको. उघड नको आणि आडवळणाची तर नकोच. ध्वजदिन निधीचे जिल्ह्याजिल्ह्याला उद्दिष्ट ठरते आणि मग ते शिक्षक-तलाठ्यांपर्यंत उतरते, हे महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. या तिकिटाचे कोणत्याही पोस्टमास्तरला, शाळेला, कार्यालयाला उद्दिष्ट देऊ नये. ग्राहकाने साधे पाचाचे तिकीट मागितले आणि ते शिल्लक नाही म्हणून सातचे त्याच्या हातात ठेवले, असे एकाही खिडकीवर होता कामा नये. आणि १९७१ च्या तिकिटासारखा याला शेवट असावा. पाच वर्षांनी हिशेब संसदेपुढे ठेवावा, मगच मुदत वाढवावी.

चित्राविषयी एवढेच. त्यावर मंत्र्याचा चेहरा नको, रडणारा रुग्णही नको. मुंबईच्या वस्तीत दारोदार गेलेली आरोग्य कार्यकर्ती त्यावर असावी असे मला मनापासून वाटते.

आपण म्हणाल की कायद्यात हे बसत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे बसते. १८९८ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा टपाल कार्यालय कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला आहे. तिकिटे काढण्याचा अधिकार त्यात टपाल खात्याकडेच राखलेला आहे आणि तिकिटांचा पुरवठा व विक्री यांविषयी विनियम करण्याचा अधिकार महासंचालकांना आहे. तिकीट छापील किमतीहून जास्त दराने विकणेही आपल्याला नवे नाही. आपल्या ‘माय स्टॅम्प’ योजनेत पाच रुपयांच्या बारा तिकिटांचा ताव, म्हणजे साठ रुपयांचा टपालखर्च, तीनशे रुपयांना मिळतो. २०११ मध्ये प्रगती मैदानावरच्या इंडिपेक्स प्रदर्शनात तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खादीवर छापलेले गांधीजींचे तिकीट निघाले. त्याची छापील किंमत शंभर रुपये होती आणि ते अडीचशेला विकले गेले. लोकांनी आनंदाने घेतले. स्वतःच्या फोटोसाठी आणि खादीच्या तुकड्यासाठी जास्तीचे पैसे घेता येतात, तर संशोधनासाठी का घेता येऊ नयेत?

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. आता तिकीट लावतो कोण? रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. पाकिटावर आता छापील पट्टी लागते. एनसीआरमधल्याच एका टपाल कार्यालयात मी लावायला तिकिटे मागितली, तर पट्टीच लावून देतो, तिकिटांच्या भानगडीत कशाला पडता, असे ऐकून घ्यावे लागले. माझ्या हातात पैसे होते, मागणी होती, आणि विकणाऱ्याला विकायचे नव्हते. नवी स्मारक तिकिटे फिलाटेली ब्युरोपुरती राहतात आणि गल्लीतल्या टपाल कार्यालयात दिसत नाहीत, ही संग्राहकांची जुनी तक्रार आहे. संशोधनाचे तिकीट जर असेच ब्युरोत अडकणार असेल तर काढूच नये. ते प्रत्येक खिडकीवर मिळाले पाहिजे, आणि पट्टी लावून घेणाऱ्यालाही ‘दोन रुपये संशोधनासाठी जोडू का’ असे विचारायची सोय त्याच यंत्रात झाली पाहिजे. राखीच्या दिवसांत आपण जलरोधक पाकिटे विकता, तेव्हा खिडकीवर बायकांचीच रांग असते. दिवाळीच्या आधी दिल्लीतल्या मराठी घरांत पुण्या-मुंबईहून दिवाळी अंकांची पुडकी येतात. पहाडगंजपासून नोएडापर्यंत आमच्या माणसांच्या मुंजी-लग्नांच्या पत्रिका अजून टपालाने जातात. पन्नास लाख तिकिटे विकली गेली तर एक कोटी रुपये होतात. दीडशे कोटींच्या देशात पन्नास लाख हा आकडा मला अवाच्या सवा वाटत नाही.

तारखेविषयी एक सुचवते. ७ नोव्हेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन आहे आणि तोच मारी क्युरींचा जन्मदिवस. तिकीट त्या दिवशी निघावे. मात्र तोवर नियम तयार झाले नाहीत तर घाई करू नये, त्याच्या पुढच्या वर्षीचा ७ नोव्हेंबर धरावा. नियमांचा मसुदा आधी हरकती व सूचनांसाठी खुला करावा, इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही, आणि त्याची एक प्रत गोल डाकखान्याच्या फिलाटेली खिडकीवर ठेवावी. आम्ही तिथे येऊन तो वाचू आणि आमचे म्हणणे लेखी देऊ.



आपली नम्र,
एक मराठी तिकीट-संग्राहक
मयूर विहार, दिल्ली